वाडीचं इंटरनॅशनल बिझनेस स्कूल

आमचं इंटरनॅशनल बिझनेस स्कूल पहिल्यांदा भरलं ते महाडात, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर. मी चेष्टा करत नाही. तसा चेष्टेचा हक्क मला आहे, कारण पहिल्या दिवसापासून मी तिथे शिकवत होते. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरायचा. खडू हातात घेण्याआधीच बोटं पांढरी झालेली असायची. मुलं घरी पोचली की आया विचारायच्या, "कालेजात गेलतास का दळनाला?"

ते स्कूल आता इथे नाही, पनवेलला गेलं. पण ते जाण्याआधी एक वेळ अशी आली होती, की त्याच्या निमित्तानं माझी एकुलती एक मुलगी परदेशातून कायमची घरी आली असती. तिला आणायचं की नाही, हे माझ्या एका शब्दावर होतं. मला सांगायची आहे ती हीच गोष्ट. स्कूलचा इतिहास तिच्यात आपोआप येतो, तो वेगळा काढायला मला जमलेलं नाही.

स्कूल काढलं ते आमच्याच वाडीतल्या एका गृहस्थांनी. त्यांना सगळे सर म्हणायचे, मीही म्हणायचे. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. इथली माणसं मुंबईला जातात आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला आणि मे महिन्यात तेवढी घरी दिसतात. सरांनी उभा जन्म मुंबईच्या बंदरात परदेशी मालाची कागदपत्रं करण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर बायकोसकट, ट्रंका घेऊन, कायमचे परत आले. वाडीला हे नवीनच होतं. लोक पुढे कित्येक दिवस त्यांना "कधी जानार मुंबईला?" असं विचारत राहिले आणि ते चिडत राहिले.

सरांचं म्हणणं साधं होतं. महाडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांचा माल परदेशात जातो. त्याची कागदपत्रं करायला माणसं मुंबई-पुण्याहून येतात आणि आमची मुलं मात्र कामं शोधायला मुंबईला जातात. मग तो व्यवहार इथेच शिकवला तर मुलं घरी राहतील, रोज रात्री घरचं जेवतील. इतक्या साध्या गोष्टीला इंटरनॅशनल बिझनेस स्कूल कशाला म्हणायचं, असं मी विचारलं तेव्हा ते माझ्यावर खेकसले, "मग काय निर्यात क्लासेस म्हणू? टायपिंगचा क्लास आहे का हा?" पहिल्या वर्षी हायवेवरच्या हॉटेलातल्या नेपाळी आचाऱ्याची पुतणी आमच्याकडे शिकायला आली. त्या एका मुलीच्या जोरावर सरांनी पाटीवरचा 'इंटरनॅशनल' ताठ मानेनं मिरवला. ती मुलगी हुशार होती. तिला आपण आंतरराष्ट्रीय आहोत हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मी तिथे कशी आले, ते सांगायचं तर आमच्या वाडीची एक रीत सांगावी लागेल. आमची वाडी बौद्धांची. विहारात बैठक बसते तेव्हा माणसांची नाही, घरांची नावं पुकारतात, कारण अर्धी माणसं मुंबईत असतात. जो मुंबईत आहे त्याच्या वतीनं घरात असेल ते माणूस बोलतं. म्हातारी असो, बायको असो, कुणीही. याला आम्ही घराचा शब्द म्हणतो. पाण्याच्या टाकीच्या कामाला कोण राबणार, विहाराला रंग कोण देणार, सगळं या शब्दावर ठरतं. मुंबईतल्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं, तरी तो रजा टाकून येतो आणि काम करून जातो. घरानं शब्द दिला आणि माणूस आला नाही, असं आमच्या वाडीत कधी झालेलं नाही.

त्या वेळी मी महाडला ज्युनिअर कॉलेजात कॉमर्स शिकवत होते. नवरा मुंबईला गोदीत, मी आणि मुलगी महाडात खोली करून, सासूबाई वाडीत. एका बैठकीत सरांनी विचारलं, हिशेबाचे विषय कोण शिकवील? सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमची सून शिकवील. आयतवार तिला मोकलाच असतो."

आयतवार मला मोकळा असतो! आठवड्याचे कपडे, मुलीची वेणीफणी, पेपर तपासणं आणि जमलं तर दुपारी घटकाभर डोळा लावणं, एवढ्यासाठी तो एक दिवस होता. दुसऱ्या दिवशी सर वेळापत्रक घेऊन खोलीवर हजर झाले तेव्हा मला हे कळलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण घराचा शब्द गेला होता. पुढे मला ते काम आवडायला लागलं, इतकं की त्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. नवरा अकाली गेला तेव्हा त्या वर्गांनीच मला उभं ठेवलं. तरी आवडलं ते नंतर, हे मी विसरलेले नाही.

मुलीला कुठे ठेवणार, म्हणून तिला बरोबर घेऊन जायचे. ती मागच्या बाकावर पाय हलवत बसायची. पाढे पाठ होण्याआधी तिला जहाजाच्या पावतीला काय म्हणतात ते येत होतं.

एका पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी गावात शिरलं, गिरणी बुडाली आणि स्कूल बिरवाडीला हललं. तिथे कारखान्यातल्या कामगारांच्या खोल्यांच्या रांगेत आम्हाला एक लांबट खोली मिळाली. शेजारचे लोक रात्रपाळी करून झोपलेले असायचे. त्यामुळे तिथे आम्ही आंतरराष्ट्रीय व्यापार दबक्या आवाजात शिकवला. एखादा मुलगा मोठ्यानं हसला की भिंतीवर पलीकडून बुक्की बसायची.

शेवटी वाडीनंच सामाईक माळावरची जागा दिली. मुंबईकरांनी पैसा उभा केला, गावात असलेल्यांनी अंगमेहनत केली. त्या बैठकीत अट घातली ती पुन्हा सासूबाईंनीच. "मुंबयच्या पैशान घरां बांदली आन् त्यांना कुलपां लागली. हितं कुलूप नको. स्कूलचा जो कोन मोठा सायेब असंल, त्यानं हितंच र्‍हावाचं, वाडीत. नायतर जागा परत." सगळ्या घरांनी मान डोलावली. सर तर राहतच होते, त्यामुळे तेव्हा ती अट कुणाला जड वाटली नाही.

मीही महाडची खोली सोडून वाडीत राहायला आले. माळावरची ती वर्षं स्कूलची सगळ्यात चांगली. माझी मुलगीही तिथेच शिकली. सरांनी बंदरातल्या जुन्या ओळखीतून युरोपातल्या एका विद्यापीठाशी करार जमवला आणि एका हिवाळ्यात तिथल्या एक प्राध्यापक बाई चक्क आमच्या वाडीत येऊन राहिल्या. सुकटीचा वास आला की त्या शिंकायच्या, पण खायच्या. त्यांनी वर्गाला एक खेळ दिला. दोन कंपन्या, प्रत्येकीचं संचालक मंडळ, आणि मालाचा एक करार. मुद्दाम त्यांनी काही संचालक गैरहजर ठेवले होते. हजर असलेल्यांनी बहुमतानं निर्णय घ्यायचा, हे त्यांना शिकवायचं होतं.

आमच्या मुलांनी आधी चौकशी सुरू केली, की या गैरहजर माणसांच्या घरी कोण असतं? एकाची आत्या ठरली, एकाची बायको, एकाची म्हातारी आई. मुलींनी पदर घेतल्यासारखं करून त्या भूमिका केल्या. आत्यांनी आणि आयांनी घराचे शब्द दिले आणि करार एकमतानं मंजूर झाला. प्राध्यापक बाई यादी उलटसुलट करून बघत राहिल्या. या बायका कोण आणि कंपनीत कुठून आल्या, ते त्यांना कळेना. मी कपाळाला हात लावला. सर खिडकीबाहेर बघायला लागले.

तेव्हा माझी मुलगी उभी राहिली आणि तिनं इंग्रजीत शांतपणे आमची रीत समजावून सांगितली. बाई आधी हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी विचारलं, जो हजर नाही त्याला हे चालतं? मुलगी म्हणाली, "चालतं असं नाही. पण तो येतो."

या उत्तरानं तिला परदेशात नेलं. बाईंनी तिच्यासाठी त्यांच्या विद्यापीठात जागा मिळवली, फी माफ करून घेतली. सरांनी महाडच्या बाजारातून पेढे आणून घरोघरी वाटले. मीही गावभर सांगत फिरले. आनंदाच्या भरात आपण काय सांगत सुटलो आहोत, याचं मला भान नव्हतं. ती गेली. शिकली. मग सिंगापूरला एका जहाज कंपनीत लागली आणि तिथेच राहिली.

एकटी तीच नाही. मुलं घरी राहावीत म्हणून काढलेलं स्कूल, आणि त्यातली चांगली मुलं दुबईला, मोंबासाला, कुठे कुठे गेली. पूर्वी मुलं मुंबईला जायची तेव्हा आयांना निदान बसचं भाडं माहीत असायचं. सरांनी व्हरांड्याच्या भिंतीवर बाहेर गेलेल्या मुलांचे फोटो काचेत लावले होते. दुपारची कामं आटपली की वाडीतल्या बायका तिथे यायच्या, आपापल्या मुलाच्या फोटोवरची काच पदरानं पुसायच्या आणि निघून जायच्या. मी शिकलेली, मास्तरीण, मला तसं करायची लाज वाटायची. बायका गेल्यावर मी जायचे.

लोकांना मी सांगायचे, तिची प्रगती होते आहे, मला आणखी काय हवं? खोटं होतं ते. मला ती हवी होती. समोर हवी होती, भांडी आपटत, माझ्या साडीला नावं ठेवत, मीठ कमी पडलं म्हणून भुणभुण करत. फोनवर ती मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून कामं करायची. त्यामुळे तिच्या चेहऱ्यापेक्षा तिथला धूर ओढणारा पंखाच मला जास्त ओळखीचा झाला होता. ती दिसेनाशी झाली की मी त्या पंख्याकडे बघत तिच्या चपलांचा आवाज ऐकायचे. फोन ठेवल्यावर घर इतकं गप्प व्हायचं की मी उगाच नळ सोडायचे.

मग सरांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस आलं. त्यांचा मुलगा म्हणाला, आता डोंबिवलीला माझ्याकडेच राहा. सासूबाई तोवर गेल्या होत्या, पण त्यांची अट होती. वाडीत राहील असा संचालक हवा, नाहीतर जागा परत. मी वाडीतच होते, पण मला हिशेब येत होते, परदेशी व्यवहाराचा अनुभव नव्हता. उमेदवार आले. एकाला मोबाईलची रेंज बघूनच घाम फुटला. एकानं सगळं नीट पाहिलं आणि जाताना विचारलं, इथून जवळचा मॉल कुठे? दरम्यान पनवेलचं एक कॉलेज आमची मुलं सामावून घ्यायला तयार झालं. तेव्हा डोंबिवलीहून सरांनी फोनवर वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या सचिवांना माझ्या मुलीचं नाव सुचवलं. वाडीची मुलगी, स्कूलचीच विद्यार्थिनी, त्यात जहाज कंपनीतला अनुभव. याहून योग्य माणूस कुठून आणणार?

मुलीनं त्यांना कळवलं, विचार करते. मला ती रोज फोन करायला लागली. आधी आठवड्यातून दोनदा यायचा, आता रोज. पण बोलायची कमी. एकदा तिनं मला फळीवर ठेवलंच नाही, हातातच धरलं आणि म्हणाली, "आई, तुला काय वाटतं?"

"माझं काय? तू बघ."

"तसं नाही. तू म्हणशील तसं करते."

वरणाचं निमित्त काढून मी फोन ठेवला. वरण चुलीवर नव्हतंच.

त्यानंतरचे दिवस मी शुद्धीवर नव्हते म्हटलं तरी चालेल. तिची गादी काढून गच्चीवर उन्हात टाकली. माळ्यावरची तिची स्टीलची ताटली खाली काढली. तिचं टेबल कुठे ठेवायचं, उजेड कुठून येईल, याचा विचार करत मी खोलीत उभी राहायचे. शेजारणीनं कुंपणापलीकडून विचारलं, "कोन येतंय गो?"

"कोन नाय," मी म्हटलं, "ढेकूण झालेत गादीत."

ती माझ्याकडे बघून हसली. वाडीत काय लपून राहतं?

बैठक मे महिन्यात, मुंबईकर गावी आलेले असताना ठेवली. विहारात दुपारच्या उकाड्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. सचिव एकेक घर पुकारत होते. बहुतेक घरांचं एकच म्हणणं होतं, बाईंची मुलगी येत असेल तर स्कूल इथेच राहू दे. प्रत्येक जण बोलून झाला की माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात जबरदस्ती नव्हती, आशा होती. त्यांच्याही मुलांचे फोटो त्या भिंतीवर होते.

सगळ्यात शेवटी आमचं घर आलं. सचिव म्हणाले, "बाई, तुमच्या घरातला माणूस परदेशात हाय. घराचा काय शब्द?"

हो म्हणायचं, बस्स. तिनं मला आधीच मोकळीक दिली होती. मी हो म्हटलं असतं तर ती नोकरी सोडून, सामान बांधून आली असती. मन लावून काम केलं असतं, आणि मला एका शब्दानं कधी बोलून दाखवलं नसतं. हेच मला ठाऊक होतं, पक्कं ठाऊक होतं. माझ्या नावानं दुसऱ्या कुणी 'हो' म्हटल्यावर काय होतं, ते मी स्वतः जगले होते. माझं आयुष्य चांगलं झालं. पण ते चांगलं असल्याचा पुरावा मी मलाच इतक्या वेळा दिला आहे, की त्यातच काय ते आलं. ती इथे आली असती आणि एखाद्या उन्हाळ्याच्या दुपारी, व्हरांड्यात, तिच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं असतं. आणि ती म्हणाली असती, काही नाही गं, उकडतंय.

मी उभी राहिले. "ती यायची नाही," मी म्हटलं. "आमच्या घराचा हाच शब्द. तुम्ही पनवेलचं ठरवा."

सचिव मुंबईतच वाढलेले, ते गडबडून गेले. "बाई, कन्फर्म ना? एकदा बोललात की मग चेंज नाय होनार."

"कन्फर्म," मी म्हटलं आणि खाली बसले. खुर्चीचा पाय सरकला म्हणून शेजारच्या बाईनं माझा दंड धरला, तो तिनं बैठक संपेपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. वाडीतून तिला कुणी ना कुणी कळवणार म्हणून मीच आधी सांगितलं. बैठक झाली. स्कूल पनवेलला जाईल. तू येणार नाहीस असा शब्द मी दिला. एवढं बोलून मी थांबले. मला वाटलं होतं, आता ती ओरडेल. तू कोण नाही म्हणणारी, मला विचारलंस का, असं काहीतरी. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. उत्तर कसलं, मी नुसतं म्हणणार होते, मग ये.

पलीकडून तिनं श्वास सोडला, इतका लांब की फोनवर वारा सुटल्यासारखा वाटला.

"थँक्यू, आई," ती म्हणाली. "मला नाही म्हणताच आलं नसतं गं तुला."

आणि ती बोलायला लागली. कित्येक दिवसांत ती इतकं बोलली नव्हती. तिनं तिथे एक घर बघून ठेवलं होतं, ते माझ्या शब्दासाठी अडवून धरलं होतं. आता उद्याच सही करते म्हणाली. हसत होती, मधेच डोळे पुसत होती. खोल्या दाखवायला तिनं फोटो पाठवले. त्यातली एक माझी, असं सारखं सांगत होती. खिडकी मोठी आहे, आई, तुला उजेड लागतो ना. मी सगळे फोटो पाहिले. पडदे फिके घे म्हणून सांगितलं. तिचा आवाज लहानपणीसारखा मोकळा झाला होता. त्या आवाजासाठी मी काहीही दिलं असतं. दिलंच होतं.

हे आजवर मी कुणाजवळ बोललेले नाही, सरांजवळही नाही. विहारात उभी राहून मी तो शब्द दिला, तेव्हा तिला मोकळी करावी हे तर होतंच. पण आत कुठेतरी माझी खात्री होती, की आमच्या वाडीत हा एक शब्द मोडला जाईल, आणि तो माझी मुलगी मोडेल. तिनं तो पाळला.